वही तिची, भट्टी त्याची?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा लागला, की आपल्याकडे घराघरात एकच विषय. पोरीला कुठं टाकायचं? अमरावतीच्या राजापेठेत म्हणा, अकोल्याच्या जठारपेठेत म्हणा, नाहीतर दर्यापूर, अकोट, मूर्तिजापुरात म्हणा, चहाबरोबर हीच चर्चा. मामा सांगतो, कॉम्प्युटर घ्या. काका सांगतो, कॉम्प्युटरच घ्या. शेजारच्या काकूंच्या भाच्यानं कॉम्प्युटर घेतलेलं असतं आणि तो आता पुण्यात असतो. मेकॅनिकलचं नाव निघालं की आजी पदर तोंडाला लावते, "पोरीच्या जातीले कायले वं ते लोखंड कुटणं?" आणि कुणी चुकून मेटॅलर्जी किंवा मटेरियल सायन्स म्हटलं, तर सगळ्यांचे चेहरे कोरे. हे काय असतं बाई आणखी?

हे काय असतं, हे आपण आयांनी समजून घ्यायला हवं. कारण ही शाखा मुलीनं घेतली नाही, तरी इंजिनीअरिंगच्या बऱ्याच शाखांमध्ये हा विषय कुठं ना कुठं भेटतोच. आणि तो जसा शिकवला जातो, त्यात आपल्या मुली कुठं उभ्या असतात, हे पाहिलं की गप्प बसवत नाही.

मराठीत 'पदार्थविज्ञान' म्हटलं की आपण फिजिक्स समजतो. नुसतं 'पदार्थ' म्हटलं की खमंग काहीतरी आठवतं. मटेरियल सायन्स या दोन्हींच्या मधलं आहे म्हणा ना! वस्तू कशाची आहे, ती आतून कशी रचलेली आहे, ती कशी तयार केली आणि मग ती कशी वागते, या चार गोष्टींचं एकमेकींशी काय नातं आहे, ते सांगणारं हे शास्त्र. धातू, काच, प्लास्टिक, रबर, सिमेंट, चिनीमाती, मोबाईलची बॅटरी, सगळे यात आले.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? पण रोजच्या स्वयंपाकात आपण हेच तर करतो. साखरेचा पाक घ्या. साखर तीच, पाणी तेच. पाक गार होताना ढवळत राहिलात तर त्यात बारीक कण धरतात आणि तो पांढरा होतो. तोच पाक चांगला कडक करून तूप लावलेल्या ताटात ओतला आणि पटकन गार होऊ दिला, की काचेसारखा पारदर्शक, कटकन मोडणारा. कण धरायला त्याला वेळच मिळाला नाही. चिक्कीचा कुरकुरीतपणा तिथून येतो. आणि पावसाळ्यात ती चिकट का होते? हवेतलं पाणी शोषून घेते म्हणून. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवट ताणा नसतो, म्हणून आपण आधण घालून पीठ मळतो. गरम पाण्यानं त्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, आणि भाकरीच्या कडा चिरत नाहीत. सासूबाईंनी शिकवलेलं हे सारं मटेरियल सायन्सच आहे. फक्त त्याचा पेपर कुणी घेतला नाही.

गावचा लोहारही तेच करतो. विळा लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवला की चर्रर्र आवाज येतो आणि पोलाद कडक होतं. पण नुसतं कडक झालेलं पोलाद ठिसूळ असतं, तूर कापताना तुकडा उडायचा. म्हणून पुन्हा बेतानं थोडं तापवायचं. कडकपणा किंचित जातो, पण चिवटपणा येतो. यालाच पुस्तकात क्वेंचिंग आणि टेंपरिंग म्हणतात. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना आधी तापवतात, मोठी झालेली धाव चाकावर बसवतात आणि पाणी ओततात, की ती आक्रसून घट्ट बसते. धातू तापल्यावर फुगतो, हे शाळेत शिकण्याआधी आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होतं.

पाठ केलेली आकृती

आता कॉलेजात काय होतं ते पाहू. अमरावतीचं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज १९६४ सालचं. १९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि बडनेऱ्याला, शेगावला, अकोल्याजवळ बाभूळगावला इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. त्याआधी ज्यांना नागपूर-पुणे गाठावं लागायचं, त्यांच्या मुलाबाळांना आता एसटीच्या अंतरावर शिकता येऊ लागलं. मुलींसाठी तर ही फार मोठी गोष्ट झाली. आज वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत पहिली इंजिनीअर ही लेक आहे.

मेटॅलर्जीची स्वतंत्र पदवी मात्र राज्यात मोजक्याच ठिकाणी आहे. पवईची आयआयटी, पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी. बाकी ठिकाणी बहुतेक मुलींची या विषयाशी गाठ पडते ती मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमातला एक पेपर म्हणून. त्या पेपरात एक प्रसिद्ध आकृती आहे, लोखंड आणि कार्बनची. किती टक्के कार्बन असलेलं लोखंड किती अंशांना कुठल्या रूपात असतं, याचा तो नकाशा. ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बन, ७२७ अंश सेल्सियस, हे आकडे मुलींना झोपेत विचारले तरी सांगतील. आकृती सुबक काढतील, पट्टीनं रेघा मारतील, नावं इंग्रजीत बिनचूक लिहितील. मार्कही पैकीच्या पैकी. पण विचारा, "अगं, मग बिडाचा तवा हातातून पडला की फुटतो आणि लोखंडी तवा वाकतो, तो का?" की गप्प.

उत्तर त्याच आकृतीत आहे. बिडात दोन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो. तव्याच्या बिडात तो ग्राफाईटच्या बारीक पाकळ्यांसारखा पसरलेला असतो आणि तडा त्या पाकळ्यांच्या वाटेनं धावतो. साध्या लोखंडी तव्यात कार्बन अगदी थोडा, म्हणून तो वाकतो पण मोडत नाही. नकाशा पाठ आहे, पण त्यातलं गाव आपलंच आहे हे कुणी सांगितलंच नाही. यात मुलींचा दोष नाही. गाईडं वाचून पास होता येतं तिथं पुस्तक कोण उघडणार? खरं तर पुस्तकं चांगली आहेत. दिल्ली आयआयटीच्या व्ही. राघवन यांचं पुस्तक १९७४ सालापासून आहे. अमेरिकेतल्या विल्यम कॅलिस्टर यांचं १९८५ सालापासून. आणि आपल्या कोडगिरे सरांचं 'मटेरियल सायन्स अँड मेटॅलर्जी' तर महाराष्ट्रातल्या मेकॅनिकलच्या किती पिढ्यांनी वापरलं असेल!

मोबाईलमध्ये आयआयटी आली

आता तर पुस्तकापलीकडचंही दार उघडलं आहे. २००३ साली आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून एनपीटीईएल सुरू केलं. मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट. २०१४पासून त्याचे परीक्षेसह ऑनलाईन कोर्स निघाले. २०१७मध्ये सरकारचं 'स्वयम्' आलं. मटेरियल सायन्सवर दिल्ली आयआयटीच्या प्रा. राजेश प्रसाद यांचा कोर्स आहे, इतरही बरेच आहेत. दर आठवड्याला गृहपाठ, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा. गृहपाठाला २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के वजन. २०२१च्या यूजीसीच्या नियमाप्रमाणे कॉलेजनं मान्य केलं, तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे 'स्वयम्'वरून करता येतात. अंजनगावातली मुलगी दिल्लीच्या सरांचं लेक्चर ऐकते, न समजलं तर थांबवते, मागे नेऊन पुन्हा ऐकते. वर्गात 'सर, पुन्हा सांगा' म्हणायला लाजणारी मुलगी मोबाईलला दहादा थांबवू शकते. हा फायदा लहान नाही.

परदेशातलंही बरंच काही मोकळं आहे. केंब्रिज विद्यापीठानं मटेरियल सायन्स शिकवायला चित्रं, हलत्या आकृत्या आणि सूक्ष्मदर्शकातले फोटो असं मोठं भांडार सगळ्यांसाठी ठेवलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००१मध्ये आपले कोर्स सगळ्यांना खुले करायचं ठरवलं. आपल्याकडे शिक्षण मंत्रालयाच्या 'व्हर्च्युअल लॅब' आहेत, त्यात पडद्यावर प्रयोग करून बघता येतो.

मग अडलं कुठं? अडलं ते २०२० आणि २०२१मध्ये दिसलं. कोरोनात कॉलेजं बंद पडली. अमरावतीत तर फेब्रुवारी २०२१मध्ये राज्यात इतरत्र सुरू व्हायच्या आधीच पुन्हा लॉकडाऊन लागला. शिक्षक घरून शिकवत होते, मुलं घरून ऐकत होती. ज्या घरात एकच चांगला फोन होता, तिथं तो आधी कुणाच्या हातात गेला, हे मी सांगायला नको. "त्याचं बारावीचं वर्ष आहे, तू नंतर बघून घेजो," असं किती जणींनी ऐकलं असेल! ज्यांना फोन मिळाला त्यांनी भाकरी थापता थापता, ओट्याला टेकवून लेक्चर ऐकलं. प्रॅक्टिकलचं काय झालं? सरांनी व्हिडिओ पाठवला, त्यातले आकडे मुलींनी जर्नलमध्ये उतरवले, सह्या झाल्या.

तेव्हा नाइलाज होता, मान्य. पण नाइलाजाची सवय होऊ नये ना!

हातानं शिकायचं ते हातानंच

या विषयातला एक प्रयोग सांगते. लोखंडाचा छोटा तुकडा घ्यायचा. आधी जाड, मग बारीक, मग अगदी बारीक पॉलिश पेपरवर घासायचा. दर वेळी तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी मखमली कापडावर घासून आरशासारखा करायचा. मग अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक अॅसिड मिसळलेलं द्रावण काही सेकंद लावायचं, धुवायचं, वाळवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. आणि मग दिसतं, की सपाट वाटणारं लोखंड आतून बारीक कणांनी बनलेलं आहे. शेतांना जशा धुऱ्यांच्या रेघा, तशा या कणांनाही रेघा. द्रावण थोडं जास्त वेळ राहिलं तर सगळं काळं. कमी राहिलं तर काहीच दिसत नाही. पुन्हा घासा.

हे व्हिडिओत पाच मिनिटांत दिसतं. हातानं करायला दुपार जाते आणि पहिला तुकडा हमखास बिघडतो. पण दुसरा जमला, की ते चित्र जन्मभर विसरत नाही. पुरणपोळी कुणी व्हिडिओ बघून शिकलंय का? बघून कळतं, पण पहिली फुटल्याशिवाय येत नाही.

आणि इथंच माझी खरी तक्रार आहे. प्रयोगशाळेत पाच-सहा जणांचा गट असतो. तुकडा घासायला मुलगा, भट्टीचं दार उघडायला मुलगा, कडकपणा मोजायच्या यंत्राचा दांडा ओढायला मुलगा. आणि मुलगी? "तुझं अक्षर चांगलं आहे, तू रीडिंग लिही." ती लिहिते. सुबक लिहिते. सगळा गट तिची वही उतरवतो. वर्षाअखेरीस तिला मार्क त्याच्याइतके किंवा जास्त, पण भट्टीची धग तिच्या हाताला लागलेली नसते. मुलाखतीत विचारतात, "स्वतः केलंय का?" आणि ती अडखळते. मग कंपनीवाले म्हणतात, मुलींना शॉप फ्लोअरवर कशाला? वडील म्हणतात, मी सांगतच होतो. वर्तुळ पुरं.

ज्या हातांनी रोज उकळतं तेल सांभाळलं, त्या हातांना भट्टी झेपणार नाही, हे कुणी ठरवलं? कढईतून कुरडई उलटवताना आपण हातमोजे घालतो का? प्रयोगशाळेत तर हातमोजे, चष्मा, लांब चिमटा सगळं असतं. मुलीला आग नवी नाही. तिला नवा आहे तो विश्वास, की ही आगही तिची आहे.

'ऑनलाईन आहे ना, मग जातेस कशाला?'

अलीकडे आणखी एक गोष्ट कानावर येते. मुलीला नागपूरला नंबर लागतो. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, काही परदेश नाही. पण घरी सूर निघतो, "आता सगळं ऑनलाईन मिळते, मंग होस्टेलले कायले जातं?" भावाला हा प्रश्न विचारत नाहीत. त्याला पुण्याला खोली घेऊन देतात. जी गोष्ट मुलींसाठी दार म्हणून आली, तिची आपण कडी करायला लागलो आहोत. माझं म्हणणं साधं आहे. ऑनलाईन शिक्षण हे प्रयोगशाळेपर्यंत नेणारी एसटी आहे. एसटीत बसणं म्हणजे पोचणं नव्हे.

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण काही वाटा झाल्या आहेत आणि त्या आपल्याला माहीत हव्यात. राज्य सरकारच्या जुलै २०२४च्या निर्णयानं, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची, तीही मुलींसाठीच. २०१८पासून आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा ठेवायला सुरुवात केली, मुलींचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत न्यायचं म्हणून. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. होस्टेल आणि मेसचा खर्च उरतोच. तरी 'परवडत नाही' आणि 'पाठवायचं नाही' यातला फरक आपण स्वतःशी तरी प्रामाणिकपणे करावा.

वऱ्हाडातच केवढं पडलं आहे!

आणि शिकून करायचं काय, असं विचारणाऱ्यांना मी आपलं वऱ्हाडच दाखवीन. आपल्याकडे 'गंज' म्हणजे पातेलं आणि लोखंडावर चढतो तोही गंज. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात या दोन गंजांची रोज भेट होते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांत जमिनीखालचं पाणी खारं. मोटारीचा पाईप सडतो, नळाच्या तोट्या झिजतात, अॅल्युमिनियमच्या गंजाला टाचणीएवढी भोकं पडतात. स्टीलला गंज चढत नाही असं आपण मानतो. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा त्याला सांभाळतो. पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराईड त्या पापुद्र्याला नेमकं एका ठिकाणी भोक पाडतं. खारपाणपट्ट्यातल्या आयाबहिणींना हे वर्षानुवर्षं दिसतं आहे. तिथलीच लेक शिकून सांगेल, की या पाण्यात कुठला पाईप टिकेल, तर तिचं गाव तिचं नाव घेईल.

दुसरं आपलं जिनिंग. आपल्याकडच्या रोलर जिनिंगच्या रुळांवर क्रोम चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्या घासून घासून झिजतात, त्यांची पूड उडते आणि त्यात क्रोमियम असतं. भांड्यात जे आपलं राखण करतं, तेच पूड होऊन छातीत गेलं तर घातक. जिनिंगमध्ये कापूस निवडायला, उचलायला कोण असतं? आपल्याच बाया. चामड्याऐवजी रबराचे रूळ वापरायचे प्रयत्न संशोधकांनी केले आहेत. रूळ कशाचा असावा, हा प्रश्न मटेरियल सायन्सचा आहे आणि तो त्या बायांच्या श्वासाचाही आहे.

तिसरं, बाळापूर तालुक्यातलं पारसचं वीज केंद्र. तिथल्या बॉयलरच्या नळ्या वर्षानुवर्षं प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली असतात. इतक्या तापमानाला धातू मुंगीच्या पावलानं ताणत जातो आणि एक दिवस फुटतो. याला क्रीप म्हणतात. हे शिकवायला अमेरिकेतलं उदाहरण कशाला? अकोल्याच्या पोरांना पारस दिसतं की!

बायका या शास्त्रात नव्या आहेत, असंही नाही. गोळी अडवणाऱ्या जॅकेटमधला केव्हलार हा धागा १९६५मध्ये शोधला तो स्टेफनी क्वोलेक या बाईनं. प्रयोगात तिला गढूळ, पाण्यासारखं पातळ द्रावण मिळालं. दुसऱ्या कुणी ते फेकलं असतं. धागा काढणारा माणूस तर ते यंत्रात घालायलाच तयार नव्हता. यंत्र तुंबेल म्हणाला. तिनं हट्ट धरला आणि पोलादाला भारी पडणारा धागा निघाला. आणि आपल्या देशात ऑगस्ट २०२२मध्ये सीएसआयआरच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या त्या डॉ. एन. कलैसेल्वी, लिथियम बॅटरीच्या पदार्थांवर काम करणाऱ्या. त्या तमिळनाडूतल्या लहान गावच्या आणि शाळा तमिळ माध्यमातली. आपल्या मराठी शाळेतल्या मुलींनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

मग करायचं काय?

शिक्षकांना माझी विनंती आहे. आयआयटीचं लेक्चर मुलींना घरी ऐकू द्या. वर्गातला तास फळ्यावरून उतरवून घेण्यात घालवू नका, तो प्रश्नांना आणि हातकामाला द्या. प्रत्येकीला तिचा स्वतःचा तुकडा द्या, तिच्या नावाची चिठ्ठी लावून. वही लिहायची पाळी दर आठवड्याला बदला. मुलगेही लिहू देत, त्यांचंही अक्षर सुधारेल. इंग्रजी शब्द ठेवा, पण समजवा मराठीत. २०२१पासून एआयसीटीईनं मराठीतूनही इंजिनीअरिंग शिकवायला मोकळीक दिली आहे. पूर्ण पदवी मराठीत असावी की नाही यावर वाद होऊ शकतो, पण मराठीत शंका विचारायला तर परवानगी लागत नाही ना?

मोठी यंत्रं नाहीत, ही सबब नेहमीची. पण साबणाच्या पाण्यात बारीक सुईतून सारख्या वेगानं हवा सोडली, की पृष्ठभागावर एकसारखे बुडबुडे ओळीनं बसतात. धातूत अणू कसे रचलेले असतात, ओळ कुठं चुकते, कण कुठं संपतो, सगळं त्या बुडबुड्यांत दिसतं. ब्रॅग आणि नाय या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९४७मध्ये ही युक्ती मांडली. परात, साबण आणि सुई. खर्च किती?

आणि आयांनो, तुम्हालाही काम आहे. सुट्टीत लेक घरी आली की तिला केसांच्या तीन स्टीलच्या पिना द्या. एक तशीच ठेवायची. दोन चिमट्यानं धरून गॅसवर लाल करायच्या. त्यातली एक हवेतच हळूहळू गार होऊ द्यायची आणि दुसरी लगेच पाण्यात टाकायची. मग गार झालेल्या तिन्ही वाकवून बघा. पहिली वाकून परत येते. हळू गार झालेली मऊ पडते, वाकवाल तशी राहते. पाण्यातली कट्‌कन मोडते. पीन तीच, धातू तोच, गार करायची तऱ्हा वेगळी. तुमच्या पाकाचीच गोष्ट! तेव्हा तिला म्हणा, आता मला तुझी ती आकृती समजावून सांग. ती सांगताना जिथं अडेल, तिथं तिचा खरा अभ्यास सुरू होईल. आणि तिला कळेल, की आपली आई निव्वळ डबा भरून देणारी नाही, तिला यातलं काही कळतं.

कॉलेजातून ती आली की आपण विचारतो, "जेवलीस का? पेपर कसा गेला?" त्यात एक प्रश्न वाढवूया. "आज प्रॅक्टिकलला तू हातानं काय केलं?" ती म्हणाली, "मी लिहीत होते," तर पुढच्या खेपेला तिला सांगा, माय, वही दुसऱ्याच्या हाती दे आणि चिमटा तू धर.